सायकल : लगेज की पार्सल?
रेल्वेच्या पार्सल कचेरीत सायकल सोपविली की ती आपल्याच गाडीने येणार, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः ‘लगेज’ (प्रवाशाच्या तिकिटावर नोंदलेले व त्याच गाडीच्या सामानाच्या डब्यातून जाणारे सामान) आणि ‘पार्सल’ (तिकिटाविना, सोयीच्या गाडीने स्वतंत्र रवाना होणारा माल) हे भिन्न प्रकार आहेत. आहेर स्वतःबरोबर नेणे आणि टपालाने धाडणे यांत जो भेद, तोच येथे. शयनयान वर्गाच्या प्रवाशास ४० किलो सामान मोफत नेता येत असले, तरी ती सवलत सायकलीला लागू नसल्याने तिचे हशील निराळे भरावे लागते. म्हणून गाडी सुटण्यापूर्वी किमान अर्धा तास तिकिटासह कचेरीत रुजू होऊन, सायकलीच्या दांडीला नावपत्त्याची चिठ्ठी घट्ट बांधून, पावतीवर ‘लगेज’ अशीच नोंद झाल्याची खातरजमा प्रत्येकाने अवश्य करावी.