अळसांद्याच्या मुळावरची गाठ आणि गाईचा गर्भपात



भातकापणीनंतर त्याच शेतातील ओलीवर पेरलेल्या अळसांद्याचे रोप उपटून पाहिले तर मुळांवर बारीक गाठी दिसतात. माडाची सूर ठेवून दिली की काही आठवड्यांत तिचे व्हिनेगर होते. आणि एखाद्या गोठ्यात धडधाकट गाय सातव्या-आठव्या महिन्यात गाभ टाकते. ही तीन कामे करणारे जिवाणू एकमेकांचे भाऊबंद आहेत असे सांगितले तर कोणालाही नवल वाटेल. पण शास्त्रज्ञांनी त्यांना एकाच वर्गात बसविले आहे. त्या वर्गाचे नाव आल्फाप्रोटिओबॅक्टेरिया. नाव जिभेला जड आहे, म्हणून आपण त्याला आल्फा वर्ग म्हणू.

पूर्वी जिवाणूंची वर्गवारी त्यांच्या रूपावरून होत असे. गोल की लांबट, रंग दिल्यावर जांभळा दिसतो की गुलाबी, खातो काय, रोग कोणता करतो, एवढेच पाहात. यात घोटाळे फार व्हायचे. माणसे केवळ उंचीवरून ओळखू लागलो तर सख्खे भाऊ वेगळ्या घरात जातील, तसेच हे. १९७०च्या दशकात अमेरिकेतील कार्ल वोझ यांनी दुसरी वाट काढली. प्रत्येक पेशीत प्रथिने बनविणारी यंत्रणा असते. तिच्यातील एका भागाची रचना पिढ्यान्‌पिढ्या फार सावकाश बदलते. ती रचना ताडून पाहिली की कोण कोणाच्या किती जवळचा हे कळते. या रीतीने जो मोठा गोतावळा सापडला त्याला १९८८ साली प्रोटिअस या ग्रीक देवतेवरून नाव दिले गेले. प्रोटिअस म्हणजे हवे ते रूप घेणारा. २०२१ मध्ये या गोतावळ्याचे अधिकृत नाव बदलून स्यूडोमोनाडोटा झाले, पण त्यातील आल्फा वर्गाचे नाव तेच राहिले.

या वर्गाच्या सर्व जिवाणूंना दोन आवरणे असतात व ग्रॅमच्या रंगपरीक्षेत ते गुलाबी दिसतात. बाकी साम्य शोधू गेले तर हाती थोडेच लागते. कोणी काडीसारखा, कोणी मळसूत्रासारखा, कोणाला देठ फुटलेला. काही उन्हावर जगतात, तर काही समुद्राच्या पाण्यात अगणित संख्येने तरंगतात. मात्र एक खोड यांच्यात वारंवार आढळते, ती म्हणजे दुसऱ्याच्या पेशीत शिरून तिथे बिऱ्हाड करण्याची. मोसंबी-संत्र्याचा ग्रीनिंग रोग करणारा जिवाणू झाडाच्या अन्नवाहिन्यांच्या पेशींतच राहतो. आपल्या स्वतःच्या पेशींत शक्ती निर्माण करणारे जे सूक्ष्म कण आहेत, तेही फार पुरातन काळी आत शिरलेल्या, याच वर्गाच्या जवळच्या एका जिवाणूचे वंशज मानले जातात. भाडेकरूच घरचा झाला म्हणायचा.

आता आपल्या शेतातल्या भाडेकरूकडे वळू. कडधान्यांच्या मुळांत राहणारा रायझोबियम हवेतला नत्र पकडून पिकाला देतो आणि पीक त्याला साखर पुरविते. हॉलंडच्या बायरिंक यांनी १८८८ साली तो गाठीतून वेगळा काढून दाखविला. प्रत्येक पिकाचा रायझोबियम निराळा असतो. चवळी, अळसांदे व भुईमूग यांचा जवळपास एक गट, हरभऱ्याचा दुसरा, सोयाबीनचा आणखी निराळा. म्हणून पाकीट घेताना पिकाचे नाव व वापराची मुदत वाचूनच घ्यावे. गुळाच्या गार पाण्यात ते कालवून बियाण्याला हलक्या हाताने चोळावे, सावलीत सुकवावे आणि लगेच पेरावे. जिवाणू जिवंत आहेत. उन्हात ठेवलेले पाकीट म्हणजे नुसती काळी माती. बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी, रायझोबियम सर्वांत शेवटी.

पीक पाच-सहा आठवड्यांचे झाले की दोन-चार रोपे मातीसकट खणून काढा व गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल असेल तर काम चालू आहे; पांढरी किंवा हिरवट असेल तर गाठ रिकामटेकडी समजा. सूत्रकृमीनेही मुळे सुजतात, पण ती सूज मुळातच असते. रायझोबियमची गाठ मुळाच्या कडेला चिकटलेली असते व सहज निघते. ही दोन मिनिटांची तपासणी फार थोडे जण करतात, याचे आश्चर्य वाटते.

व्हिनेगरची गोष्ट थोडक्यात. सुरेतील साखरेची दारू किण्व करते, आणि त्या दारूचे आम्ल आल्फा वर्गातले जिवाणू करतात. त्यांना हवा लागते, म्हणून आंबवताना भांड्याच्या तोंडाला फडके बांधावे. पुरते आंबट झाल्यावर मात्र गाळून, बाटल्या काठोकाठ भरून घट्ट बंद कराव्यात. हवा मिळत राहिली तर दारू संपल्यावर हेच जिवाणू आम्लही खाऊन टाकतात व व्हिनेगर फिके पडते.

आता गोठ्याकडे. १८८७ साली माल्टा बेटावर डेव्हिड ब्रूस या ब्रिटिश लष्करी डॉक्टरांना तापाने मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेत एक जंतू सापडला. तो येतो कोठून हे १९०५ साली तेथील डॉक्टर थेमिस्टोक्लीस झॅमिट यांनी शोधले. चांगल्या दिसणाऱ्या शेळ्यांच्या रक्तात तो होता. सैन्याने कच्चे शेळीचे दूध बंद केले आणि छावण्यांतला ताप ओसरला. मधल्या काळात, १८९७ साली, डेन्मार्कमध्ये बँग यांना गाईंच्या गर्भपाताचा जंतू मिळाला होता. एकाला गोल जंतू म्हणून नोंदविले होते, दुसऱ्याला काडीसारखा. त्यामुळे दोघांचा संबंध कोणाच्या ध्यानात आला नाही. १९१८ साली अमेरिकेतील अॅलिस इव्हान्स यांनी हे दोघे जवळजवळ एकच असल्याचे दाखवून दिले व गाईचे कच्चे दूधही धोक्याचे ठरविले. पुष्कळांनी त्यांचे म्हणणे वर्षानुवर्षे मानले नाही. पुढे प्रयोगशाळेत काम करताना त्यांना स्वतःलाच हा आजार जडला. वर्गवारी चुकली की माणसे आजारी पडतात ती अशी.

या जिवाणूचे नाव ब्रुसेला. २००० साली असे दाखविले गेले की मुळाच्या गाठीत टिकून राहण्यासाठी एका रायझोबियमला जे जनुक लागते, तशाच जनुकावाचून ब्रुसेलाही जनावराच्या शरीरात फार काळ टिकत नाही. घरात राहण्याची विद्या दोघांची सारखी. एक भाडे देतो, दुसरा घर पोखरतो.

ब्रुसेलाने गाय-म्हैस बहुधा पाचव्या महिन्यानंतर गाभ टाकते व वार अडकते. पुढच्या खेपेला ती नीट विते, म्हणून आपण निर्धास्त होतो. पण दुधातून व स्रावातून जंतू येतच राहतात. गळालेला गर्भ व वार उघड्या हाताने ओढू नयेत. हातमोजे घालावेत, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे, कुत्र्यांना पोहोचू देऊ नये. गर्भवती बायकांनी तर त्या जागी जाऊच नये. गाईच्या रक्ताची तपासणी करून घ्यावी आणि दूध उकळल्याशिवाय घरात कोणी पिऊ नये. २०१९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या कालवडी व पारड्यांना याची लस मोफत टोचण्याची तरतूद आहे. ती आयुष्यात एकदाच टोचतात. लशीतले जंतू जिवंत असतात, म्हणून गाभण गाईला व वळूला ती देत नाहीत. टोचताना सुई माणसाला लागली तर ताबडतोब डॉक्टर गाठावा.

माणसाला होतो तो ताप चढतो, उतरतो, रात्री घाम सुटतो, कंबर व सांधे धरतात. आठवडे जातात आणि टायफॉइड किंवा मलेरिया समजून औषधे चालू राहतात. उपचार दोन औषधांचा, साधारण सहा आठवड्यांचा असतो. बरे वाटले म्हणून मध्येच सोडला तर ताप उलटतो.

याच वर्गातला आणखी एक तापकरी म्हणजे झुडपी रानातल्या बारीक किड्यांच्या चाव्याने येणारा स्क्रब टायफस. पावसाळ्यात व त्यानंतर गवत कापणाऱ्यांना तो विशेष होतो. काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली विडीने भाजल्यासारखा काळा खपलीचा डाग दिसतो. पण तो दुखत नाही, म्हणून रोगी सांगत नाही. पेनिसिलिन या जंतूवर चालत नाही, डॉक्सिसायक्लिन वेळेवर मिळाले तर ताप एक-दोन दिवसांत उतरू लागतो. उशीर झाला तर फुप्फुसे व मूत्रपिंडे धोक्यात येतात. तेव्हा तापाने डॉक्टरकडे गेलात तर त्यांनी विचारण्याची वाट न पाहता तीन गोष्टी आपणहून सांगा : घरी जनावरे आहेत का, त्यांपैकी कोणी गाभ टाकला का आणि गेल्या दोन-तीन आठवड्यांत आपण रानात बसलो-वावरलो का. आणि अंगावर असा डाग असेल तर तो दाखवा.