कुत्र्याला डे-केअरमध्ये ठेवावं का?

गुरुग्राम किंवा नोएडात राहणारं एखादं घर घ्या. दोघंही नऊला बाहेर पडतात, ट्रॅफिकमधून परतायला सात वाजतात. कुत्रा दहा तास एकटा. जवळच डे-केअर आहे. पाठवावं का?

आपल्याला अपराधी वाटतं, एवढ्यासाठी पाठवू नका. त्याला गरज आहे का आणि त्याला ते झेपेल का, हे दोन प्रश्न वेगवेगळे विचारा.

आधी गरज. मोठा, निरोगी कुत्रा दिवसातले बारा-चौदा तास झोपतो. त्यामुळे एकटं राहणं म्हणजे हाल असं नाही. पण दहा तास लघवी धरून ठेवणं जास्तच झालं. पिल्लाला तर दर दोन-तीन तासांनी न्यावं लागतं. एक सोपं काम करा. जुना मोबाईल लावून, तुम्ही गेल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासाचं रेकॉर्डिंग करा. थोडं हुंगून तो झोपला, तर दुपारी कुणीतरी येऊन फिरवून आणणं पुरेल. पण दार ओरबाडणं, सतत भुंकणं, लाळ गाळणं दिसलं, तर तो कंटाळा नाही, भीती असू शकते. डे-केअरमुळे तेवढे तास निभतील, भीती जाणार नाही. त्यासाठी डॉक्टरांना ते रेकॉर्डिंग दाखवा.

आता झेपण्याचं. बागेत दुसरा कुत्रा दिसला की तुमचा अंग सैल सोडून पुढे जातो, की शेपटी पायांत घालतो? बुजऱ्या, सांधे दुखणाऱ्या किंवा नुकत्याच दत्तक आणलेल्या कुत्र्याला वीस जणांचा गोंगाट ही शिक्षाच वाटते. पिल्लाच्या लसींचा कोर्स साधारण चार महिन्यांपर्यंत चालतो; तोवर थांबा. रेबीज, डिस्टेंपर, पार्वो आणि केनेल कफच्या लसी हव्यात, गोचिडांचं औषधही वेळेवर हवं.

जागा दुपारी जाऊन पाहा. एका माणसाकडे किती कुत्रे आहेत? लहान आणि मोठे वेगळे ठेवतात का? झोपायला शांत कोपरा आहे का? भांडण झालं तर कुठल्या डॉक्टरांकडे नेतात? दिल्लीच्या हवेचा प्रश्न तर विचाराच. मे-जूनमध्ये पारा 45 अंशांवर जातो. वीज गेली तर एसी चालतो का? पग, बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांचा यावर जीव अवलंबून असतो. नोव्हेंबरच्या धुरक्यात खेळायला आत जागा हवी. आणि लसीचं कार्ड न पाहताच कुणी ‘उद्यापासून आणा’ म्हणालं, तर तिथून परत फिरा. जे तुमचं कार्ड पाहत नाहीत, ते इतरांचंही पाहत नसणार.

सगळं पटलं तरी सुरुवात अर्ध्या दिवसाने करा. संध्याकाळी जेवून शांत झोपला, तर छान. जेवण टाकलं, दचकायला लागला, जुलाब झाले, किंवा तिसऱ्या-चौथ्या खेपेला गेटपाशीच बसकण मारली, तर त्याचं ऐका. अनेक कुत्र्यांना आठवड्यातून दोन दिवस पुरतात. बाकीचे दिवस सकाळी मोठा फेरफटका आणि दुपारी एक माणूस.

त्याला बोलता येत नाही, पण संध्याकाळी घरी आल्यावर तो सगळं सांगतो. तेवढं बघा. भेटू पुढच्या भागात.