काजळाची शाई आणि कापसाचा कागद

आजीचे एक जुने कृष्णधवल छायाचित्र संगणकावर उतरवून मी घरच्या इंकजेट यंत्रावर प्रथम छापले, तेव्हा ते खिडकीशी धरले की हिरवट आणि रात्री पिवळ्या दिव्याखाली धरले की तांबूस दिसू लागले. जी बाई हयातीत कोणाच्या भिडेखातर पालटली नाही, तिने नुसत्या दिव्यासाठी रंग पालटावा, याचे मला मोठे नवल वाटले.

दोष आजीचा नव्हता. सामान्य यंत्र करडी छटा साधताना निळी, किरमिजी आणि पिवळी अशा तीन शायांचे ठिपके एकत्र करते आणि हा समतोल एका प्रकाशात साधला, तरी दुसऱ्यात ढळतो. म्हणूनच एप्सन कंपनीने २००५ साली आपल्या छायाचित्र-यंत्रांत तीन काळ्या शाया घातल्या, एक गडद आणि दोन फिक्या, जेणेकरून करड्या छटांचा बहुतेक भार काळ्यावरच पडावा. आणि अमेरिकेतील जॉन कोन यांनी तर रंगीत शाया पार काढून टाकून त्यांच्या जागी काळ्याच्याच चढउतार छटा भरण्याची पद्धत रूढ केली.

शाईची जातही पाहावी लागते. डाय शाई पाण्यात साखरेसारखी विरघळलेली असते. ती चकचकीत दिसते, पण प्रकाशाने लवकर विटते. पिगमेंट शाईत रंगाचे सूक्ष्म कण तरंगत असतात, आणि काळ्या शाईत ते कण बहुधा कार्बनचे, म्हणजे अखेर काजळाचेच. पेशवे दफ्तरातील मोडी कागदांवरची अक्षरे दोन शतकांनंतरही काळीभोर आहेत ती याच काजळाच्या पुण्याईने. मात्र निव्वळ कार्बनची छटा किंचित तपकिरी असते. ज्यांना निळसर थंड काळा हवा, त्यांनी हे आधीच ध्यानात घ्यावे.

कागदाचा प्रश्न मला शाईहून बिकट वाटतो. बिनचमकीच्या सुती कागदावर काळ्याची घनता सुमारे १.६ पर्यंत जाते, तर बेरियम सल्फेटचा थर दिलेल्या बरायटा कागदावर ती २.२ च्या आसपास पोचते. हे आकडे किरकोळ भासतात, परंतु त्यांचा अर्थ असा की पहिल्या कागदावरचा काळा भाग पडणाऱ्या प्रकाशाचा चाळिसावा हिस्सा परत फेकतो आणि दुसऱ्यावरचा जेमतेम एकशेसाठावा. शिवाय दोन्ही कागदांना काळी शाई निराळी लागते, बिनचमकीला मॅट ब्लॅक आणि चमकदाराला फोटो ब्लॅक. तिची अदलाबदल झाली तर काळा मातकट तरी उतरतो किंवा बोटाला तरी लागतो. रात्रीच्या बाजारपेठेचे चित्र असेल तर मी बरायटाच घेईन; सुरकुतलेल्या चेहऱ्याला मात्र सुती कागदाची मवाळी शोभते.

अतिशुभ्र कागदाचा मोह टाळावा. त्याची शुभ्रता पुष्कळदा धुण्याच्या पावडरीत असते तशा झळाळी-द्रव्याची असते, आणि ते द्रव्य काळाने निकामी झाले की कागद पिवळट पडतो. नोटा तपासण्याचा अतिनील दिवा अंधारात कागदावर धरावा. कागद निळसर उजळला, तर ते द्रव्य आत आहे असे समजावे.

आजी आता सुती कागदावर माजघरात आहे, आणि दिवसा-रात्री एकाच रंगाची आहे. आपणही कागदाची थप्पी मागवण्यापूर्वी एकच लहान ताव छापा, दिवसभर सुकू द्या, आणि चित्र जिथे टांगायचे त्याच भिंतीवर, तिथल्याच दिव्यात, तो पाहून मग पैसे मोजा.