ओझं पाट्यांवर, उसळी शॉकअपवर

शहाबादी फरशी भरलेली पिकअप मागून बसलेली दिसली की बघणारा कुणीही सांगतो, ‘शॉकअप गेले हिचे.’ चित्तापूर-शहाबादकडून कलबुर्गीमार्गे हुमनाबादला आणि तिथून राष्ट्रीय महामार्ग ६५ धरून उमरगा-सोलापूरकडे जाणाऱ्या अशा गाड्या रोज दिसतात, आणि हे निदान बहुतेक वेळा चुकतं.

गाडी बसली म्हणजे पाटे (लीफ स्प्रिंग) बसले, नाहीतर माल जास्त झाला. वजन पेलायचं काम पाट्यांचं. शॉकअपच्या नळीत तेल असतं, त्यात दट्ट्या आणि दट्ट्याला बारीक भोकं नि झडपा. चाक उसळलं की दट्ट्या तेलातून सरकतो, तेल त्या भोकांतून रेटत जातं, तापतं, आणि उसळीचा जोर उष्णता होऊन निघून जातो. पाट्याला एकटं सोडलं तर तो झोपाळ्यासारखा झुलत राहील. शॉकअप ते झुलणं मोडतो, त्यामुळे चाक रस्त्याला धरून राहतं. म्हणून ‘जाड शॉकअप टाका, आणखी पाच क्विंटल बसतील’ या सल्ल्यात काही अर्थ नाही. फरशीचाच हिशेब करा. एक इंच जाडीची शंभर चौरस फूट फरशी साधारण सहाशे किलो भरते. म्हणजे दीड टनाची गाडी अडीचशे फुटांतच भरली. त्यावर आणखी दीडशे फूट चढवली की कोणताही शॉकअप ती गाडी वाचवत नाही. शिवाय २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये जादा वजनाला २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार रुपये दंड लिहिलेला आहे.

दुसरा समज याच्या उलट बाजूचा: ‘तेल गळत नाही, म्हणजे शॉकअप ठीक.’ गळती हा उशिरा कळणारा पुरावा आहे. आतल्या झडपा झिजतात, तेल पातळ पडतं, आणि बाहेरून नळी कोरडी ठणठणीत दिसते. उलट नळीच्या वरच्या भागावर तेलाचा हलका ओलावा आणि त्यावर धूळ बसलेली दिसली म्हणून घाबरायचं कारण नाही. दट्ट्याची दांडी आत-बाहेर होताना सीलमधून एवढं तेल सुटतंच. ओघळ खालपर्यंत आला असेल, पुसून पुन्हा येत असेल, तर मात्र बदला.

मग ओळखायचं कसं? जुन्या मिस्त्रींची एक रीत मला सगळ्यांत पटते. औराद किंवा आळंदकडच्या खराब रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर गाडी चालवून आणा, लगेच थांबा, हँडब्रेक ओढा आणि चारही शॉकअपच्या नळीला हात लावून बघा. आधी बोटं नुसती जवळ न्यायची, कारण नळी चटका बसण्याइतकी तापलेली असू शकते, आणि सायलेन्सरपासून जपायचं. पुढच्या दोन नळ्या एकमेकींइतक्या गरम हव्यात, मागच्या दोन एकमेकींइतक्या. त्यांतली एक गार लागली तर ती काम करत नाही. तापणं हेच शॉकअपचं काम असल्यामुळे ही परीक्षा सहसा फसवत नाही.

बंपर दाबून सोडायची परीक्षा मात्र पिकअपच्या मागच्या बाजूला फारशी चालत नाही. ती मोटारीची रीत. पिकअपचे पाटे मुळात मालासाठी कडक असतात आणि पाट्यावर पाटा घासून स्वतःच थोडा झोका जिरवतो. रिकामी गाडी दाबून हलली नाही म्हणजे शॉकअप चांगले असं नाही. त्यापेक्षा टायरवरून तळहात फिरवा. गोलाईत थोड्या-थोड्या अंतरावर उंच-खोल लागत असेल तर चाक रस्त्यावर नाचतंय. ब्रेक मारताच नाक खाली जाणं, गतिरोधकानंतर दोन-तीन झोके, रिकाम्या गाडीची मागची बाजू वळणावर सरकणं, ही बाकीची लक्षणं. नुसती खडखड येत असेल तर आधी रबरी बुश बघा. शंभर-दोनशे रुपयांच्या बुशपायी चांगला शॉकअप भंगारात जातो.

‘ऐंशी हजार किलोमीटरला बदलायचे’ हा आकडा तपासणीची आठवण म्हणून ठीक आहे, नियम म्हणून नाही. कलबुर्गीची काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता लाटालाटांचा होतो. एखादा मोठा खड्डा चालक तरी चुकवतो. लाटा चुकवता येत नाहीत, आणि त्यांच्यावर दट्ट्या अखंड खाली-वर होत राहतो. भर घाला वाळलेल्या मातीच्या बारीक धुळीची, जी दांडीवर चिकटून सील कातरते. तुरीच्या हंगामात शेतातून मोंढ्यापर्यंत फेऱ्या मारणारी गाडी आणि महामार्गावरच धावणारी गाडी यांचे किलोमीटर सारखे धरता येत नाहीत.

एकच शॉकअप खराब असला तरी जोडी बदलायची. एका बाजूला नवा कडक आणि दुसऱ्या बाजूला थकलेला असेल तर जोरात ब्रेक मारताना गाडी एकीकडे ओढते. गळका शॉकअप उघडून तेल भरून देणारेही भेटतात. पण झिजलेली झडप आणि ओरखडलेली दांडी तशीच राहते, पैसे दोनदा जातात.

आता भारीतला शॉकअप घ्यायचा का, हा प्रश्न. गॅसच्या शॉकअपमुळे गाडी उचलते असं अनेकांना वाटतं. नायट्रोजन भरतात तो तेलाला फेस येऊ नये म्हणून. लांबच्या खराब रस्त्यावर साध्या शॉकअपमधलं तेल फेसाळतं आणि तासाभरात गाडी ऐकेनाशी होते. ज्याची रोजची वाट अशी आहे त्याला गॅसचा पैसा वसूल होतो. जो बिदर शहरातच भाजी नि किराणा पोचवतो, त्याला गाडीसोबत आलेल्या जातीचाच शॉकअप पुरे. वेगळ्या शॉकअपची खरी गरज पडते ती पाटा वाढवलेल्या गाडीला. पाटा वाढला की कडकपणा वाढतो, गाडीची उंचीही वाढते. जुना शॉकअप त्या उसळीला अपुरा पडतो, आणि रिकाम्या गाडीत पूर्ण ताणला जाऊन प्रत्येक खड्ड्यात खट्कन अडकतो. अशा वेळी मिटलेली नि ताणलेली लांबी मोजूनच दुसरा घ्यायचा. कडक म्हणजे चांगला असंही नाही. फार कडक शॉकअप रिकाम्या गाडीचं चाक रस्त्यावरून उचलतो.

बसवताना तिथेच उभे राहा. साधा शॉकअप उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबून-ओढून आतली हवा काढलेली असावी. चकचकीत दांडीला पकड लावू देऊ नका, एक ओरखडा सील फाडायला पुरतो. आणि बुशचे नट शेवटी आवळायचे ते जॅक काढून, चाकं जमिनीवर टेकल्यावर. गाडी अधांतरी असताना आवळले तर रबर पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं.