डिसलेक्सिया : अक्षरओळखीच्या उंबरठ्यावर

मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे मराठी गद्याचे माहेर. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले ते येथेच. पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ ‘सकळ’ नावाच्या सांकेतिक लिपीत बंदिस्त केले आणि विसाव्या शतकाच्या प्रारंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ती उलगडेपर्यंत पंथाबाहेरच्या विद्वानांनाही त्या पोथ्या वाचता येत नव्हत्या. भाषा आपलीच, बुद्धी शाबूत, अक्षरे डोळ्यांपुढे; पण चिन्ह आणि उच्चार यांची सांगड काही बसेना! डिसलेक्सिया असलेल्या मुलाला बालभारतीचे साधे पान जवळपास हाच अनुभव देते.

हा नजरेचा दोष नव्हे, मतिमंदत्व तर मुळीच नव्हे. शब्दातले सुटे ध्वनी ओळखणे आणि ते अक्षरांशी जोडणे, ही मेंदूची प्रक्रिया येथे संथ व कष्टाची असते. २००७ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या ‘तारे जमीं पर’ने हा शब्द घरोघरी नेला. त्यामुळे ‘अक्षरे उलटी दिसणे म्हणजे डिसलेक्सिया’ असा एक सोपा समजही रुजला, हे मात्र खरे.

मराठी लिहिल्याप्रमाणे वाचली जाते, मग अडचण कसली, असे कोणी विचारील. इंग्रजीच्या मानाने देवनागरी सरळ आहे; म्हणून मराठी वाचताना अशा मुलाच्या चुकांपेक्षा त्याचा मंद वेग अधिक जाणवतो. तरीही खाचखळगे आहेतच. ‘कि’मधली वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहायची, पण उच्चारायची नंतर. ‘कर्म’मधला रफार ‘म’च्या डोक्यावर, त्याचा उच्चार मात्र ‘म’च्या आधी. ‘क्रम’, ‘राष्ट्र’, ‘खऱ्या’ या शब्दांत एकच ‘र’ वेगवेगळी रूपे घेतो. ‘भ-म’, ‘घ-ध’ या जोड्या तर नेहमीच्याच. वर्गातली चाळीस मुले पुढे निघून जातात आणि हा मुलगा पाठांतरावर वेळ मारून नेतो. तिसरी-चौथीत धडे लांबले की ते उघडे पडते आणि ‘आळशी’, ‘ढ’ ही बिरुदे चिकटतात.

उपाय औषधाचा नाही, शिकवणीचा आहे. पण ती गृहपाठ उरकून घेणारी शिकवणी नव्हे. सॅम्युएल ऑर्टन आणि अ‍ॅना गिलिंगहॅम यांनी अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात घालून दिलेली पद्धत आजही पायाभूत मानली जाते. आधी कानाने शब्द फोडायचा, मग एकेक चिन्ह, ते बोटाने गिरवत मोठ्याने उच्चारायचे. आपल्याकडची धूळपाटी वेगळे काय करीत होती? मात्र गिरवण्याहूनही क्रम महत्त्वाचा. काना-मात्रा पक्क्या झाल्याखेरीज जोडाक्षरांना हात घालू नये, रोज थोडाच वेळ पण नेमाने बसावे आणि चारचौघांत मोठ्याने वाचण्याची सक्ती करू नये.

महाराष्ट्रात १९९६ मध्ये मुंबईत महाराष्ट्र डिसलेक्सिया असोसिएशन स्थापन झाली आणि त्याच वर्षी राज्य शासनाने अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती मान्य केल्या. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अध्ययन अक्षमतेला दिव्यांगत्वाच्या यादीत स्थान दिले. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने तयार केलेली ‘डाली’ ही चाचणी मराठीतही उपलब्ध आहे. सवलतींनी गुण वाचतात; वाचन मात्र येत नाही, ही गोष्ट पालकांच्या ध्यानात उशिरा येते.

केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षानंतरच मिळते. अडखळण्याची चिन्हे पहिली-दुसरीतच दिसतात आणि शिकवणीचा लाभही याच वयात अधिक होतो. मधली दोन वर्षे कागदाची वाट पाहण्यात घालवण्याचे कारण नाही. ध्वनी-अक्षरांचा सराव सुरू करण्यास कोणत्याही दाखल्याची गरज पडत नाही. रिद्धपुरात २०२४ मध्ये मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले. हस्तलिखितांच्या अभ्यासाबरोबरच, मराठी वाचायला शिकताना मूल नेमके कोठे अडते, हाही विषय तेथे हाती घेतला जावा. पंथातल्या म्हाताऱ्या ज्ञानाला मुकू नयेत म्हणून नागदेवाचार्यांनी केशिराजांना संस्कृत सोडून मराठीत बोलायला सांगितले होते, ही आठवण त्या गावाला नवी नाही.