शितावरून सर्व्हरची परीक्षा

28 एप्रिल 2021, दुपारी चारची वेळ आठवतेय? 18 वर्षांवरच्या सगळ्यांसाठी कोविनवर लशीची नोंदणी सुरू झाली आणि घराघरात कुणी ना कुणी मोबाइल घेऊन बसलं. कुणाला ओटीपी येईना, कुणाचं पानच उघडेना. निकालाच्या दुपारी, तत्काळ तिकिटाच्या वेळी, स्कॉलरशिपच्या फॉर्मच्या शेवटच्या रात्री हाच अनुभव तुम्ही घेतलेला असतो. आपण गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत ‘साइट झोपली’ म्हणतो आणि रिफ्रेश मारतो. (तो रिफ्रेश म्हणजे रांगेत आणखी एक माणूस. तुमची आधीची विनंती बऱ्याचदा आत तशीच ताटकळत असते.)

पण त्याच वेळी स्क्रीनच्या पलीकडेही कुणीतरी घामाघूम होऊन बसलेलं असतं. नेमकं तुंबलंय कुठे, हे त्याला शोधायचं असतं. आणि त्याची पंचाईत अशी की सर्व्हरला ‘कसा आहेस?’ विचारणं हेसुद्धा सर्व्हरसाठी एक कामच असतं.

संध्याकाळी सहाला स्टेशनबाहेरची वडापावची गाडी डोळ्यांसमोर आणा. रांग वाढतेय आणि तुम्ही दर मिनिटाला मालकाला विचारताय, ‘काका, किती वडे झाले? तेल किती उरलं? सुट्टे आहेत का?’ काका भले माणूस आहेत, उत्तर देतील. पण तेवढा वेळ झारा थांबेल. गर्दी मोजायच्या नादात तुम्हीच गर्दी वाढवलीत!

हे नुसतं उदाहरण नाही. माझ्या एका मित्राच्या पहिल्याच नोकरीत (कंपनीचं नाव विचारू नका) एका प्रवेशप्रक्रियेची साइट शेवटच्या दिवशी रेंगाळायला लागली. कारण कळावं म्हणून कुणीतरी डीबग लॉगिंग चालू केलं, म्हणजे प्रत्येक विनंतीची बारीकसारीक नोंद डिस्कवर लिहायची. गर्दीच इतकी, की थोड्या वेळात डिस्क भरली. आधी साइट हळू होती, आता ती बंदच पडली. मुदत वाढवून मिळाली म्हणून निभावलं. पण सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून फॉर्म भरणाऱ्या मुलांचा तो दिवस गेला तो गेलाच.

मग बघायचं कसं? पहिली युक्ती म्हणजे लिहू नका, मोजा. प्रत्येक गिऱ्हाइकाचं नाव वहीत लिहिण्यापेक्षा पाटीवर एक रेघ मारणं स्वस्त. सर्व्हरच्या मेमरीत एक आकडा एकाने वाढवणं हे असंच नगण्य काम असतं. प्रोमिथियस हे आज खूप वापरलं जाणारं मोफत टूल याच तत्त्वावर चालतं. साउंडक्लाउड या संगीताच्या कंपनीत 2012मध्ये त्याची सुरुवात झाली. ते वेगळ्या मशिनवर बसतं आणि ठरावीक वेळाने येऊन फक्त पाटीवरचे आकडे वाचून जातं. साठवणं, आलेख काढणं, धोक्याची घंटा वाजवणं हे सगळं स्वतःच्या घरी. वेगळ्या मशिनचा दुसरा फायदा उघड आहे. पेशंट आणि डॉक्टर एकाच वेळी बेशुद्ध पडत नाहीत.

एट्सी या कंपनीने 2011मध्ये आणलेल्या स्टॅट्सडीची तऱ्हा वेगळी. तिथे सर्व्हर आपला आकडा यूडीपीने पाठवतो, म्हणजे पोस्टकार्ड पेटीत टाकून चालू पडल्यासारखं. पोचलं का, याची वाट बघत थांबायचं नाही. दोन-चार पत्रं हरवली तरी अंदाज बिघडत नाही, आणि फॉर्म भरणाऱ्याचा वेळ वाया जात नाही.

पण नुसत्या आकड्यांवरून ‘कुठे अडलं’ ते कळत नाही. त्यासाठी एखाद्या विनंतीचा आतला सगळा प्रवास बघावा लागतो: लॉगिन, डेटाबेस, पेमेंट, परत. इथे आपल्या आज्यांचं शहाणपण कामाला येतं. शितावरून भाताची परीक्षा! गूगलने 2010मध्ये आपल्या ‘डॅपर’ या यंत्रणेवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यातला प्रयोग मला फार आवडला. प्रत्येक विनंतीचा माग काढला तेव्हा त्यांच्या वेब सर्चचा प्रतिसाद सुमारे 16 टक्क्यांनी मंदावला. 1024 विनंत्यांतून एकाचाच माग काढला, तेव्हा फरक जाणवेनासा झाला. सेकंदाला हजारो विनंत्या येत असतील तर हजारातलं एक शितही पुरतं. मात्र, खडा शितात सापडेलच असं नाही. म्हणून चुकून फसलेल्या किंवा फार रखडलेल्या विनंत्या वेगळ्या काढून आवर्जून ठेवायच्या, अशीही सोय आता असते.

आता थोडं गणित (पळू नका). समजा, 100 पैकी 95 जणांना पान 0.2 सेकंदात मिळालं आणि पाच जणांना 20 सेकंद लागले. सरासरी येते साधारण 1.2 सेकंद. साहेबांना दाखवायला झकास! पण त्या पाच जणांतले तुम्ही असाल तर? म्हणून जाणकार सरासरीवर विसंबत नाहीत, ‘पी 99’ बघतात. म्हणजे 100 पैकी 99 जणांचं काम किती वेळाच्या आत झालं. इथे ते उत्तर 20 सेकंद. यासाठीही प्रत्येकाची वेळ साठवायची गरज नसते. ‘0.1 सेकंदाच्या आत’, ‘0.5च्या आत’, ‘1च्या आत’ असे खण करायचे आणि ज्याच्या त्याच्या खणात रेघ मारायची. पुन्हा पाटीच. अंदाज थोडा ठोकळ येतो, पण चालतो.

लॉग तर ठेवावेच लागतात. पण एनजिनएक्ससारख्या वेब सर्व्हरला ते मेमरीत जमवून एकगठ्ठा डिस्कवर लिहायला सांगता येतं. मध्येच सर्व्हर कोसळला तर शेवटच्या काही नोंदी जातात, एवढी किंमत. माझ्या मते ती परवडते.

तुम्ही कॉलेज फेस्टची साइट सांभाळत असाल, तर हे सगळं आधी करून बघा. जेमीटर हे मोफत टूल खोटी गर्दी तयार करतं. एकदा मोजणी बंद ठेवून चाचणी घ्या, एकदा चालू ठेवून. दोन्हींतला फरक हीच तुमच्या मोजणीची किंमत. गर्दी तयार करणारा लॅपटॉप आणि सर्व्हर वेगळे ठेवा, नाहीतर नेमकं काय मोजलं तेच कळणार नाही. आणि हा प्रयोग फक्त स्वतःच्या साइटवर. दुसऱ्याच्या साइटवर परवानगीशिवाय गर्दी सोडणं आयटी कायद्यात बसत नाही.

तोवर घरच्या लिनक्सवर ‘अपटाइम’ टाइप करून बघा. शेवटी तीन आकडे दिसतील. गेल्या एक, पाच आणि पंधरा मिनिटांत सरासरी किती कामं चालू किंवा ताटकळत होती, ते हे आकडे सांगतात. चार कोअरच्या मशिनवर पहिला आकडा 12 आणि तिसरा 2 असेल, तर समजा, रांग आत्ताच लागलीय.