पाव तोळ्याची गोळी, सव्वा तोळ्याचं पिस्तूल

.४५ कॅलिबरच्या पिस्तुलाची एक गोळी सराफाच्या तराजूत टाकली, तर ती सव्वा तोळ्याच्या किंचित पुढे भरेल. 'पॉइंट टू-टू'ची गोळी पाव तोळाही भरत नाही. गोळी म्हणजे नळीतून बाहेर उडतो तो तुकडा. तो ज्या पितळी नळकांड्यात बसवलेला असतो, ते धरून अख्खं काडतूस. ही पाव तोळ्याची गोळी सव्वा तोळ्याच्या पिस्तुलातून झाडायची हौस अमेरिकेत नव्वद वर्षांहून जुनी आहे. त्यासाठी तिकडे 'रिमफायर कन्व्हर्जन किट' मिळतं. पिस्तुलाची वरची सरकती स्लाइड, नळी, स्प्रिंग आणि मॅगझिन उतरवायचं आणि किटमधलं चढवायचं. मूठ, चाप आणि घोडा मूळचेच राहतात.

कारण साधं आहे, पैसा. नेम सुधारायचा तर हजारो गोळ्या झाडाव्या लागतात आणि .२२चं काडतूस .४५पेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. अमेरिकी लष्कराने १९११मध्ये स्वीकारलेलं, जॉन ब्राउनिंगच्या आराखड्याचं .४५ पिस्तूल पुढे सत्तरहून अधिक वर्षं लष्कराच्या कमरेला होतं. महामंदीच्या काळात, १९३१मध्ये, कोल्ट कंपनीने त्याच घडणीचं .२२चं 'एस' पिस्तूल बाजारात आणलं. हातात तेच, बोटाखाली तोच चाप, खर्च मात्र चिल्लर. पण नुसती नळी बारीक करून भागत नाही, हे तेव्हाच लक्षात आलं.

पहिली अडचण काडतुसाच्या बुडाशी आहे. .४५च्या काडतुसात ठिणगी पाडणारं स्फोटक बुडाच्या मधोमध एका छोट्या टोपीत असतं. .२२मध्ये अशी टोपीच नाही. तिथे स्फोटक बुडाच्या पोकळ कडेत भरलेलं असतं आणि त्या कडेवरूनच 'रिमफायर' हे नाव पडलं. ही युक्ती पॅरिसच्या लुई-निकोला फ्लोबेरची, १८४५ सालची; दिवाणखान्यात नेमबाजी खेळायला त्याने असली काडतुसं केली. आजचं '.२२ लाँग रायफल' काडतूस १८८७चं. ते बनवताना ओल्या स्फोटकाचा ठिपका बुडात टाकतात आणि नळकांडं गरगर फिरवतात. वॉशिंग मशीनच्या ड्रायरमध्ये कपडे भिंतीला जाऊन चिकटतात, तसं ते स्फोटक कडेत जाऊन बसतं. घोडा मात्र पूर्वीच्याच जागी ठोकणार. म्हणून किटच्या स्लाइडमध्ये वेगळी फायरिंग पिन लागते, जिचं टोक मध्यावर न येता बुडाच्या कडेवर आपटेल.

दुसरी अडचण खरी गमतीची आहे. पुष्कळांना वाटतं की मोठ्या काडतुसात दाब जास्त आणि छोट्यात कमी. अमेरिकी मानकांत कमाल दाब .४५साठी दर चौरस इंचाला २१,००० पौंड आहे आणि .२२साठी २४,०००. म्हणजे छोटंच वरचढ! फरक दाबात नसून धक्क्यात आहे. .४५ची गोळी सुमारे १५ ग्रॅमची, वेग सेकंदाला अडीचशे मीटरच्या आसपास. .२२ची २.६ ग्रॅमची, पिस्तुलातून वेग साधारण तीनशे मीटर. वस्तुमान गुणिले वेग केलं की .४५चा संवेग .२२च्या जवळजवळ पाचपट निघतो. न्यूटनच्या नियमाने जितका संवेग गोळी पुढे नेते, तितकाच मागे स्लाइडला मिळतो. त्या मागच्या धावेतच स्लाइडला रिकामं नळकांडं बाहेर फेकायचं असतं, घोडा पुन्हा चढवायचा असतो आणि स्प्रिंग दाबायची असते. स्प्रिंग दबली की परतताना नवं काडतूस आत ढकलता येतं.

आता भौतिकशास्त्रातलं एक सूत्र आठवा. गतिज ऊर्जा म्हणजे संवेगाचा वर्ग भागिले दुप्पट वस्तुमान. स्लाइड तीच ठेवली आणि संवेग पाचवा हिस्सा झाला, तर ऊर्जा पंचविसावा हिस्सा उरते! .४५साठी घडवलेली पोलादी स्लाइड अशा धक्क्याने जेमतेम हलेल आणि मध्येच अडकेल. पण हेच सूत्र वाटही दाखवतं. संवेग तोच असताना वस्तुमान कमी केलं की ऊर्जा वाढते. अ‍ॅल्युमिनियमची घनता पोलादाच्या साधारण एक तृतीयांश. म्हणून त्याच आकाराची स्लाइड अ‍ॅल्युमिनियमची केली, की तिच्या वाट्याला ढोबळमानाने तिप्पट ऊर्जा येते. सोबत स्प्रिंगही मऊ घातली की यंत्र चालू लागतं. आजची बहुतेक किटं अ‍ॅल्युमिनियमची असतात ती दिसायला चकचकीत म्हणून नव्हे, या गणितापोटी. हलकेपणाला मर्यादाही आहे. स्लाइड फारच हलकी झाली तर ती घाईने उघडते आणि नळीत दाब शिल्लक असतानाच पातळ पितळ उघडं पडून फुटू शकतं.

सगळ्यात देखणं उत्तर मात्र डेव्हिड मार्शल विल्यम्स नावाच्या माणसाने काढलं. नॉर्थ कॅरोलिनाचा हा गडी बेकायदा दारूची भट्टी चालवायचा. १९२१मध्ये भट्टीवर धाड पडली, त्यात एक डेप्युटी शेरीफ मारला गेला आणि विल्यम्स तुरुंगात गेला. तिथल्या कार्यशाळेत त्याने बंदुकांच्या यंत्रणेचे प्रयोग केले. १९२९मध्ये सुटल्यावर त्याची नावाजलेली करामत म्हणजे तरंगतं चेंबर. काडतूस ज्या खोबणीत बसतं ती त्याने नळीपासून सुटी केली आणि जरासं मागेपुढे सरकण्याइतकी मोकळी ठेवली. गोळी नळीत शिरली की वायू या सुट्या तुकड्याच्या पुढच्या तोंडावर पसरतो. दाब तोच, पण आता तो दाबत असलेला पृष्ठभाग काडतुसाच्या बुडापेक्षा मोठा. दाब गुणिले क्षेत्रफळ म्हणजे बल. बल वाढलं, स्लाइडला बसणारा ढोसा काही पटींनी वाढला. मोटारीचा हायड्रॉलिक जॅक याच तत्त्वावर चालतो. कोल्टने ही रचना 'सर्व्हिस एस' पिस्तुलात घातली, आणि १९३८पासून जुन्या .४५वर चढवायचं किटही विकलं. विल्यम्सवर १९५२मध्ये हॉलिवूडने सिनेमा काढला, त्यात तो जेम्स स्टुअर्टने रंगवला.

या रचनेत हातालाही .४५च्या जवळपासचा धक्का जाणवायचा, आणि शिपायाची तयारी करायची तर तेच हवं होतं. किंमतही मोजावी लागली. फटीतून वायूबरोबर शिसं, मेण आणि काजळी शिरायची, चेंबर चिकटायचं, आणि नियमाने साफसफाई न करणाऱ्याची फजिती व्हायची. पुढे अ‍ॅल्युमिनियमच्या स्लाइडने हा भानगडीचा तुकडा मागे सारला.

मग घेणाऱ्याने काय बघायचं? माझ्या मते पहिला प्रश्न ब्रँडचा नाही, कशाचा सराव करायचाय याचा आहे. चापावरचं बोट, श्वास आणि नजर यांचा असेल, तर हलकं अ‍ॅल्युमिनियमचं किट उत्तम. धक्का जवळजवळ नसल्याने 'आता दणका बसणार' म्हणून चाप ओढताना डोळे मिटायची खोड मोडते. धक्का सांभाळून लगेच दुसरा नेम धरायला शिकायचं असेल, तर ते हे किट शिकवू शकत नाही, आणि तसं सांगणाऱ्या जाहिरातीवर विश्वास ठेवू नये. दुसरा प्रश्न काडतुसाचा. हलक्या किटांनाही बहुधा जलद वेगाचीच काडतुसं लागतात. स्पर्धेची संथ, महागडी काडतुसं त्यात नेमकी रुसतात. .२२चं बाहेर आलेलं बूडही मॅगझिनमध्ये छळतं. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे अडकली की भरणा थांबतो, म्हणून मॅगझिन चांगलं नसेल तर उरलेलं किट कितीही भारी असो, व्यर्थ. आणि रिकामं पिस्तूल उगाच खटखटवायचं नाही. .२२मध्ये पिनेचं टोक काडतुसाऐवजी चेंबरच्या काठावर आपटून तिथे खाच पाडू शकतं.

आपल्या नेमबाजांना हा सगळा वळसा लागत नाही. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण मिळवलं आणि स्वप्निल कुसाळेने २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलमध्ये कांस्य. दोन्ही स्पर्धा मुळातच .२२च्या. शिवाय ९ मि.मी.सारखी लष्करी-पोलिसी पिस्तुलं भारतात सामान्य नागरिकाला सहसा मिळत नाहीत.

अमेरिकेत केंद्रीय कायदा पिस्तुलाची खालची फ्रेमच शस्त्र धरतो, म्हणून असं किट तिथे साध्या सुट्या भागासारखं विकलं जातं. भारताच्या १९५९च्या शस्त्र कायद्यात शस्त्राचे भागही शस्त्राच्या व्याख्येत येतात. तेव्हा न्यू जर्सीच्या भाच्याने दिवाळीला काय आणू म्हणून विचारलं, तर हे नाव घेऊ नका.